अर्ध्या तासाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



गिरणी म्हटली की भोंगा, पाळी, संघटना आणि संप हे सारे डोळ्यांपुढे उभे राहते. दुकान म्हटले की ग्राहकाला दिसतो तो फक्त काउंटर. त्या काउंटरमागे दिवसभर उभी असणारी मुलगी, गोदामातून माल वर आणणारा तरुण, रात्री शटर ओढल्यावर मोजणीला बसणारे नोकर हे सारे श्रमिकच आहेत. तथापि त्यांचे श्रम श्रम म्हणून फारसे कोणाच्या ध्यानात येत नाहीत. त्यांच्या दोन तक्रारी तर इतक्या किरकोळ वाटतात, की खुद्द कार्यकर्तेही त्या ऐकून सोडून देतात. एक, पगारात चूक झाली. दुसरी, जेवणाची सुट्टी मिळाली नाही. या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि त्यांची तड लावण्याचा मार्गही एकच आहे, हे दाखवणे हा आजच्या विवेचनाचा हेतू.

प्रथम सुट्टीचा विचार करू. मुंबई प्रांताने 1939 साली दुकाने व आस्थापनांविषयीचा कायदा केला. हिंदुस्थानात अशा प्रकारचा तो पहिलाच कायदा. पुढे 1948 साली त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. लोकांच्या तोंडी हाच ‘गुमास्ता कायदा’ म्हणून रुळला. दुकानाच्या नोंदणीला आजही सर्रास ‘गुमास्ता लायसन’ म्हटले जाते. या 1948 च्या कायद्यात तरतूद अशी होती की, दुकानातील नोकराला सलग पाच तासांहून अधिक काम देता कामा नये आणि त्यानंतर त्याला निदान एक तासाची विश्रांती मिळाली पाहिजे. 2017 साली महाराष्ट्रात नवा कायदा आला. पाच तासांची मर्यादा त्याने ठेवली, विश्रांती मात्र एका तासावरून अर्ध्या तासावर आणली. शिवाय दहापेक्षा कमी कामगार असणारी दुकाने या तरतुदींतून वगळली गेली. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी पुढचे पाऊल टाकले. दुकानांतील कामाची दैनिक मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्याचा, आणि कायद्याची मुख्य कलमे वीस व त्याहून अधिक कामगार असणाऱ्या आस्थापनांपुरती ठेवण्याचा निर्णय झाला. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या या प्रवासाची दिशा पुरेशी स्पष्ट आहे.

जो अर्धा तास कायद्याने दिला, तोही प्रत्यक्षात अनेकांच्या वाट्याला येत नाही. याचे कारण काय? कोणताही मालक नोकराला “जेवू नकोस” असे म्हणत नाही. तो म्हणतो, “जरा थांब, एवढी गर्दी ओसरू दे.” गर्दी ओसरते तोवर मालाचा टेम्पो दारात येतो. टेम्पो रिकामा होतो तोवर दुसऱ्या काउंटरवरची मुलगी रजेवर असल्याचे लक्षात येते. शेवटी डबा उघडतो तो चार वाजता, गोदामाच्या कोपऱ्यात, पाच-सात मिनिटांपुरता. काही ठिकाणी हजेरीचे यंत्र मात्र सुट्टी घेतली असे गृहीत धरून रोजचा अर्धा तास बिनचूक वजा करते. माणूस उपाशी राहिला याची नोंद कोठेच नसते, तो जेवला याची नोंद मात्र पक्की असते.

याचा आता रोख हिशेब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत. पण रीत कोणालाही आपल्या पगाराला लावता येईल. समजा, एका दुकानात मासिक पगार 15,600 रुपये आहे, कामाचे दिवस 26 आहेत, आणि पाळी अर्ध्या तासाच्या सुट्टीसह साडेआठ तासांची आहे. म्हणजे रोजचे 600 रुपये आणि तासाचे 75. आठवड्याचे सहा दिवस धरले तर काम 48 तासांचे होते, आणि हीच कायद्याची साप्ताहिक मर्यादा. रोजची सुट्टी बुडाली की काम 51 तासांचे होते. वरचे तीन तास हे जादा काम, आणि जादा कामाला दुप्पट दर, म्हणजे तासाला 150 रुपये. महिन्याचे 26 अर्धे तास म्हणजे 13 तास. त्याचे 1,950 रुपये होतात. पगाराचा बरोबर आठवा हिस्सा! जी गोष्ट किरकोळ म्हणून सोडून दिली, ती आठ महिन्यांत एका पूर्ण पगाराएवढी होते.

हीच गोष्ट दुकानाच्या बाजूने पाहिली तर तिचा खरा अर्थ उलगडतो. त्या दुकानात चाळीस नोकर असतील तर रोज वीस तासांचे श्रम फुकट मिळतात. आठ तासांच्या पाळीने वीस तास म्हणजे अडीच माणसांचे काम. बुडालेली सुट्टी म्हणजे जी अडीच माणसे नेमायला हवी होती आणि नेमली नाहीत, त्यांचे काम. सुट्टी का बुडते, तर पाळीवर माणसे कमी असतात; आणि माणसे कमी का, तर सुट्ट्या बुडवून काम भागते म्हणून. त्याच दुकानाबाहेर नोकरीसाठी अर्ज घेऊन हिंडणारा बेकार तरुण आणि आत उपाशी उभी असणारी मुलगी, ही दोघे एकाच हिशेबाची दोन टोके आहेत.

हा प्रकार नवा नाही. कार्ल मार्क्सने 1867 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावर प्रदीर्घ प्रकरण लिहिले. त्याचा आधार कोणा क्रांतिकारकाची पत्रके नव्हती. इंग्लंडच्या सरकारी कारखाना निरीक्षकांचे अहवाल होते. गिरणीमालक सकाळी पाच मिनिटे, न्याहारीची पाच मिनिटे, दुपारच्या जेवणाची दहा मिनिटे असे कुरतडत नेतात आणि वर्षाच्या अखेरीस त्याचे कित्येक दिवस होतात, हे त्या निरीक्षकांनीच नोंदवून ठेवले होते. यंत्रे बदलली, काउंटरवर संगणक आला. मिनिटे कुरतडण्याची रीत तीच राहिली.

आता पगारातील चुकांकडे वळू. त्यांचे प्रकार ठरलेले असतात. हजर दिवशी खाडा मांडला जातो. दोनदा उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार जातो. जादा कामाचे तास पगारपत्रकात चढतच नाहीत. गल्ल्यात तूट आली की ती पाळीवरच्या सर्वांच्या पगारातून समान वाटून कापली जाते. मोजणीत माल कमी भरला तर चोर कोण हे न शोधताच दंड नोकरावर पडतो. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कापली जाते, पण खात्यात जमा होत नाही.

यांतील प्रत्येक चूक बुद्ध्याच केलेली असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. हिशेब ठेवणारा कारकूनही माणूसच आहे, आणि लहान दुकानदार स्वतःच बड्या भांडवलाच्या दुकानांपुढे मेटाकुटीला आलेला असतो. तेव्हा परीक्षा कोणती लावावी? परीक्षा सोपी आहे. खरीखुरी चूक दोन्ही बाजूंना पडते: कधी पन्नास रुपये कमी येतील, कधी पन्नास जास्त. जी चूक महिनोन्‌महिने एकाच बाजूला पडते, तिला चूक म्हणता येत नाही. ती व्यवस्था होय. याच न्यायाने, पगार चुकून जास्त आला तर नोकराने तो स्वतःहून सांगितला पाहिजे. ज्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी स्वच्छ असतो, त्याच्या शब्दाला वजन येते.

या बाबतीत कायदा काय म्हणतो? संसदेने 2019 साली वेतन संहिता मंजूर केली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ती अमलात आली. तिच्यासोबत आलेल्या अन्य संहितांसह तिला केंद्रीय कामगार संघटनांचा विरोध आहे, आणि त्या विरोधामागे सबळ कारणे आहेत. पण लढाई चालू असताना हाती आलेले शस्त्र टाकून देणे शहाणपणाचे नाही. ही संहिता दुकान लहान की मोठे हे पाहत नाही. ज्या दुकानातील नोकराला गुमास्ता कायद्याच्या सुट्टीचे संरक्षण उरले नाही, त्यालाही वेतनाचे संरक्षण आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. नोकरी सुटली वा सोडली तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. पगाराची स्लिप देणे मालकावर बंधनकारक आहे. कायद्याने सांगितलेल्या कारणांखेरीज कपात करता येत नाही, आणि सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. नुकसानीची भरपाई कापायची तर ते नुकसान त्याच नोकराच्या हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. गल्ल्यातील तूट सर्वांत वाटून टाकण्याच्या प्रथेला येथे आधार नाही.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. पूर्वी वेतन प्रदान अधिनियमाखाली ही मुदत बारा महिन्यांची होती. हा दावा स्वतः कामगार करू शकतो, तसेच तो ज्या संघटनेचा सभासद आहे ती संघटनाही करू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे, वेतन दिले नाही किंवा कमी दिले अशी तक्रार झाली, तर ते दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कंत्राटी एजन्सीमार्फत नेमलेल्यांनीही ध्यानात ठेवावे की एजन्सीने वेतन बुडवले तर आस्थापनेच्या मालकाला हात झटकता येत नाहीत.

तरीही कायदा आपोआप चालत नाही. त्याला पुरावा लागतो, आणि पुराव्याची सुरुवात चार आण्यांच्या वहीपासून होत असे. आज ती दहा रुपयांची असेल. प्रत्येक नोकराने रोज चार गोष्टी लिहाव्यात: कामावर आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, सुट्टी किती मिनिटे मिळाली, आणि मिळाली नसेल तर काम कोणी सांगितले. महिनाअखेर ही वही पगाराच्या स्लिपशी ताडून पाहावी. फरक आढळला तर प्रथम व्यवस्थापकाशी शांतपणे बोलावे. खरी चूक असेल तर ती तेथेच मिटते. मिटली नाही तर दोन ओळींचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. कोऱ्या व्हाउचरवर सही करू नये. रागाच्या भरात राजीनामा देऊ नये. एवढे करूनही दाद लागली नाही, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयाची वाट धरावी, आणि ती शक्यतो एकट्याने धरू नये. एकट्याच्या वहीला मालक ‘बनावट’ म्हणू शकतो. एकाच दुकानातील दहा वह्यांत दहा वेळा तीच दुपार लिहिलेली असेल तर तसे म्हणणे त्याला जड जाते.

असे एकत्र येणे दुकानांतून शक्य आहे का, अशी शंका पुष्कळांना वाटते. नोकर विखुरलेले, बहुसंख्य तरुण, अनेक स्त्रिया, आणि आज आहेत तर उद्या नाहीत. या शंकेला केरळने उत्तर दिले आहे. कोळिकोडच्या कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर बसायची मुभा नव्हती. लघवीला जायचीही चोरी होती. पी. विजी यांच्या पुढाकाराने या स्त्रिया संघटित झाल्या. बसण्याचा हक्क ही मागणी ऐकून सुरुवातीला लोक हसले असतील. परंतु 2018 साली केरळने आपल्या दुकाने कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले, आणि 2021 साली तामिळनाडूनेही तसाच कायदा केला. एका स्टुलासाठी दोन राज्यांचे कायदे बदलले!

महाराष्ट्रालाही अशी परंपरा आहे. हमालांची मजुरी ज्याच्या त्याच्या मर्जीवर असे, तेव्हा लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला आणि मजुरीचा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीतून मंडळाच्या वहीत गेला. पुण्याच्या हमाल पंचायतीने 1974 साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. कष्टकऱ्याने वेळेवर आणि परवडेल असे जेवावे, हा संघटनेचाच प्रश्न आहे हे त्यामागचे सूत्र होते. दुकानातील नोकराच्या जेवणाच्या सुट्टीचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

तेव्हा पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढील काम अगदी ठोस आहे. प्रत्येक शाखेने महिन्याच्या आठ तारखेला, म्हणजे पगाराची मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी दोन तास पगाराच्या स्लिपा तपासण्यासाठी बसावे. बाजारपेठ बंद असण्याचा वार प्रत्येक गावात ठरलेला असतो. त्या दिवशी नोकरांच्या बैठका घ्याव्यात. दहा किंवा वीस ही कामगारसंख्येची अट काढून विश्रांतीचा हक्क प्रत्येक दुकानाला लागू करावा, आणि एक तासाची सुट्टी पुन्हा मिळावी, ही मागणी विधिमंडळापर्यंत न्यावी. भाषणांनी न जोडली गेलेली माणसे हिशेबाने जोडली जातात, कारण हिशेब त्यांच्या स्वतःच्या घामाचा असतो. ज्या दिवशी एखादी विक्रेती मुलगी मान वर करून “माझी सुट्टी झाली, मी जेवून येते” असे म्हणेल आणि शेजारची मैत्रीण तिचा काउंटर सांभाळायला पुढे येईल, त्या दिवशी त्या दुकानात संघटनेचा पाया पडला असे समजावे.