जुना छोटा ट्रॅक्टर घेतल्यावर



नागपुरी संत्र्याची झाडे आपण साधारणपणे सहा-सहा मीटरांवर लावतो. झाडे दहा-बारा वर्षांची झाली, की दोन्ही बाजूंच्या फांद्या पुढे येतात आणि मधली वाट बैलजोडीलाही अपुरी वाटू लागते. तिथे चाळीस-पन्नास अश्वशक्तीचे धूड घालण्यात अर्थ नाही. म्हणून पंधरा ते वीस अश्वशक्तीचा, बुटका व अरुंद ट्रॅक्टर बागाईतदारांना आवडू लागला आहे. नवा परवडत नाही, तेव्हा पुष्कळजण दुसऱ्याने वापरलेला घेतात. घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. पण नव्या यंत्राबरोबर त्याची सारी माहिती येते; जुन्याबरोबर ती येत नाही. मागच्या मालकाने त्यात कोणते तेल घातले, केव्हा बदलले, यातले बहुतेक कोणी सांगत नाही, आणि सांगितलेले खरेच असते असेही नाही.

आमच्या जरीपटक्यात एक गृहस्थ आहेत. दुकान इथे, आणि बाग सावनेर तालुक्यात. दोन एकरांत सव्वादोनशे झाडे. त्यांनी असाच एक पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणला. लाल रंग नवा, टायर काळेभोर. त्यांचा मुलगा मोठ्या हौसेने मला म्हणाला, "काका, मीटर तर नऊशेच तास दाखवतो!" मी म्हटले, "अरे बाबा, मीटर बंद पडलेला असला तर नऊशे काय अन् नऊ हजार काय!" ट्रॅक्टरचे वय किलोमीटरवर नव्हे, इंजिन किती तास चालले यावर मोजतात, हे खरे. परंतु मीटरपेक्षा यंत्राचे अंग अधिक खरे बोलते. क्लचच्या पायडलवरचे रबर गुळगुळीत झाले आहे का? अवजार जोडण्याच्या कड्यांची भोके गोल आहेत, की ओढून ओढून लांबट झाली आहेत? मागच्या पीटीओ दांड्याचे दाते झिजून धारदार झाले आहेत का? या ट्रॅक्टरची भोके चांगलीच लांबट होती. नऊशे तासांत तसे होत नाही.

सौदा करण्यापूर्वी इंजिन गार असताना ते सुरू करून पाहावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन पहिल्या सेल्फला चालू होते आणि त्याचा रोग झाकला जातो. मग धुराकडे पाहावे. सुरुवातीला थोडा पांढरा धूर निघून तो थांबला, तर काळजी नाही. थांबतच नसेल, तर नोझल तरी बिघडले आहे किंवा इंजिनात पाणी तरी शिरते आहे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे, रिंगा झिजल्या आहेत. हा खर्चाचा रोग. जोर पडला म्हणजे काळा धूर येतो तो बहुधा हवा कमी पडल्यामुळे, आणि तो पुष्कळदा नुसता एअर क्लीनर साफ करून जातो. काळ्या धुराला भिऊन चांगला ट्रॅक्टर सोडणारे आणि निळ्याकडे दुर्लक्ष करून वाईट घेणारे, दोन्ही मी पाहिले आहेत.

कागदांचे थोडक्यात सांगतो. आरसीवरचे चासी व इंजिनचे क्रमांक ट्रॅक्टरवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून घ्यावेत. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ लागतो, आणि मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० आरटीओकडे भरावे लागतात. "करू सावकाश" म्हणू नये. उद्या रस्त्यावर काही झाले, तर कागदावर नाव कोणाचे व विमा चालू आहे का, हेच आधी पाहिले जाते.

आता ट्रॅक्टर घरी आला. माझे सांगणे असे, की पहिला आठवडा त्याला बागेत नेऊच नये. मागचा हिशेब आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा तो शून्य धरावा आणि आपली वही आजच्या तारखेपासून सुरू करावी. इंजिन थोडे गरम करून ऑईल एका उथळ पांढऱ्या भांड्यात काढावे. ते चहासारखे दुधट दिसले तर पाणी मिसळते आहे. पातळ असून डिझेलचा वास आला तर डिझेल गळून त्यात उतरते आहे. तळाशी चकाकणारे कण सापडले तर बेअरिंग किंवा दाते झिजताहेत. नुसते काळे असेल तर घाबरू नये, डिझेल इंजिनचे ऑईल काळे होतेच. त्याबरोबर ऑईलचा आणि डिझेलचा फिल्टरही बदलावा. गिअरचे तेल वेगळ्या जातीचे असते. बऱ्याच ट्रॅक्टरांत मागची लिफ्टही त्याच तेलावर चालते. म्हणून घरात उरलेले कोणतेही ऑईल तिथे ओतून चालत नाही. कोणते तेल, किती लिटर, हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावे. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीकडून मागवावी. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणीची संस्था १९५५ पासून आहे. तिच्या चाचणी-अहवालातही त्या त्या मॉडेलचा असा तपशील मिळतो.

आपल्याकडे छोट्या इंजिनाचे खरे वैरी दोन: उन्हाळा आणि धूळ. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत काडीकचरा अडकला असेल तर इंजिन तापणारच. जरीपटक्याच्या त्या ट्रॅक्टरचे हेच झाले. तिसऱ्याच दिवशी काटा लालवर गेला. बाहेरून रंग चकचकीत, आणि आत जाळीत भुशाचा थर! मुलगा झाकण उघडायला धावला, त्याला वेळीच आवरले. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, आतले उकळते पाणी तोंडावर उडते. इंजिन गार होऊ द्यावे, मग जाळी इंजिनच्या बाजूने बाहेर, अशी हलक्या धारेने धुवावी. आत बोअरचे जड पाणी घालू नये. त्याचा क्षार साचतो; पुस्तिकेत सांगितलेले कूलंट घालावे.

एअर क्लीनर दोन तऱ्हांचे असतात. तेलाच्या वाटीचा असेल तर वाटीत तेल खुणेपर्यंतच भरावे आणि गाळ साचला की बदलावे. उन्हाळी वखरणीत हे रोज पाहावे लागते. कागदी असेल तर तो हलके झटकावा व हलकी हवा आतून बाहेर मारावी. डिझेलने धुतला की तो गेलाच म्हणून समजा. टाकीत डिझेल संपू दिले, तर नळीत हवा शिरते आणि सेल्फ कितीही मारा, इंजिन चालू होत नाही. अशा वेळी बॅटरी संपवू नये. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून नुसते डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवली, तर रात्री आत पाण्याचे थेंब धरत नाहीत.

चालवण्याचा सराव मोकळ्या वावरात करावा, झाडांत नव्हे. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची खोड पहिल्या दिवशीच मोडावी. ब्रेकची दोन पायडले असतात, डाव्या-उजव्या चाकांची निरनिराळी. शेतात वळण घ्यायला ती सुटी ठेवतात, पण रस्त्यावर येताना दोन्ही कडीने जोडलीच पाहिजेत. वेगात एकच दाबले गेले, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरून उलटतो. ओढायची साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच लावावी. वर बांधली तर पुढची चाके उचलली जातात. पावसात काळ्या मातीत चाक रुतले, की काहीजण त्याला लाकूड बांधून जोर लावतात. चाक अडले आणि जोर तसाच राहिला, म्हणजे ट्रॅक्टरचे नाकच वर उठते व तो चालवणाऱ्यावर उलटा पडतो. रुतलेला ट्रॅक्टर मागे घेऊन पाहावा, नाही तर दुसऱ्याने ओढून काढावा.

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. दुपट्ट्याचे टोक किंवा लुगड्याचा पदर त्यात गेला, तर ओढून काढायला वेळच मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरवर त्या दांड्याचे झाकण बहुधा नसतेच. सर्वांत आधी ते विकत आणून बसवावे. रोटाव्हेटरमध्ये अडकलेली फांदी काढायची असेल, तर आधी इंजिन बंद. आणि मडगार्डवर पोरेबाळे बसवू नयेत. ती जागा बसण्याची नाही.

बागेत उतरल्यावर एक गोष्ट यंत्राची नव्हे, झाडाची. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात. ट्रॅक्टर आला म्हणून खोल नांगरू नये; वरवर चाळावे, आणि झाडाच्या घेराखाली तर जाऊच नये. खोडाला अवजाराचा एक धक्का लागून साल निघाली, की त्या जखमेतून डिंक्या शिरतो. ते खोड पाचसहा वर्षे वाढवलेले असते. वळताना मागे वळून पाहण्याची सवय नसेल, तोवर एक माणूस बाजूला उभा ठेवावा. जखम झालीच, तर त्याच दिवशी बोर्डो मलम लावावे.

रोज सकाळी सुरू करण्याआधी ऑईलची काडी, रेडिएटरचे पाणी आणि चाकांचे नट पाहावेत, व ग्रीसच्या टोप्या पुसून मगच ग्रीस भरावे. धुळीसकट भरलेले ग्रीस सांधे घासून काढते. काम थांबवताना इंजिन एकदोन मिनिटे मंद चालू ठेवून मग बंद करावे. पावसाळ्यात बरेच दिवस काम नसेल, तर ट्रॅक्टर छपराखाली लावावा, अवजार जमिनीवर टेकवावे, बॅटरीची वजा बाजूची तार सोडावी, आणि सायलेन्सरच्या तोंडावर एक डबा उपडा घालावा. पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू करताना तो डबा आधी काढायला विसरू नये.