पहिला पॅच पाठवण्याआधी



इंजिनीअरिंगच्या मुलांशी बोलायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, ओपन सोर्समध्ये यायचं तर कुठली लँग्वेज शिकू?" प्रश्न प्रामाणिक आहे, पण उलट्या टोकाने धरलेला आहे. ओपन सोर्समध्ये आज कोड लिहिणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती दुसऱ्याचा कोड वाचणाऱ्यांची. या वाचणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. बऱ्याच प्रकल्पांत तो दिवसभराची नोकरी करून, घरातली निजानीज झाल्यावर लोकांनी पाठवलेले बदल तपासत बसतो. तुम्ही पाठवलेली प्रत्येक ओळ त्याच्या झोपेतून वजा होते. माझं आजचं सगळं बोलणं या एका हिशेबावर आहे.

समोर बरीच ज्येष्ठ मंडळी दिसतात, म्हणून ओपन सोर्सची थोडी पार्श्वभूमी सांगतो. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी तो कोड जीपीएल या परवान्याखाली आला. वापरा, उघडून बघा, बदला, वाटा. मात्र बदललेलं वाटलंत तर त्याचाही कोड द्या, अशी त्या परवान्याची अट. त्यातून लिनक्स उभं राहिलं. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या गाभ्याशी लिनक्सच आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येकावर तेच चालतं. थोडक्यात, एका विद्यार्थ्याच्या हौसेचं हे प्रकरण आहे. विद्यार्थ्यांनी इथे बिचकण्याचं कारण नाही.

पण उत्साहाचा उपद्रवही होतो. २०१४ मध्ये डिजिटलओशन या कंपनीने हॅक्टोबरफेस्ट सुरू केला. ऑक्टोबर महिन्यात ओपन सोर्स प्रकल्पांना ठरावीक संख्येने बदल पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. कल्पना चांगली होती. २०२० साली मात्र जगभरच्या मेंटेनरांच्या दारात कचऱ्याचा ढीग लागला. कुणी माहितीपत्रकात एक विशेषण घुसडलं, कुणी पूर्णविराम हलवला. शेवटी संयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावा लागला : जे प्रकल्प आपणहून सहभागी होतील, तिथलेच बदल मोजायचे. पुढे २०२३ मध्ये शर्टही बंद झाला. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या लोकप्रिय प्रकल्पावर तशीच वेळ आली. शिकवणीच्या एका व्हिडिओत नमुना म्हणून दाखवलेला बदल आपल्याकडच्या मुलांनी जसाच्या तसा खऱ्या प्रकल्पाकडे पाठवला, काहींनी फक्त स्वतःचं नाव घालून. मुलांना नावं ठेवून मी मोकळा होणार नाही. "गिटहब हिरवंगार दिसलं पाहिजे, नाहीतर प्लेसमेंट नाही" हे त्यांच्या डोक्यात आपणच भरवलं आहे.

मग सुरुवात कुठून करायची? जे सॉफ्टवेअर तुम्ही रोज वापरता आणि ज्याच्यावर रोज चिडता, तिथून. चिडचिड हे मोठं भांडवल आहे.

एक उदाहरण जरा जवळून बघू. लिबरऑफिसमध्ये किंवा ब्राउझरमध्ये मराठी मजकूर उघडा. त्यात 'दऱ्या' हा शब्द शोधा. कधी सापडतो, कधी डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. का? हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीत ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त. दुसरीत ०९३० क्रमांकाचा साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं, शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, संगणकाच्या लेखी मात्र दोन निराळ्या अक्षरमाळा. एका कीबोर्डवर टाइप केलेलं दुसऱ्या कीबोर्डने शोधलं तर हाती काही लागत नाही. जर्मनीतल्या मेंटेनरला हे कळणार कसं? त्याने आयुष्यात 'तऱ्हा' लिहिलेलं नाही. लातूरच्या किंवा फोंड्याच्या मुलाला ते जन्मजात ठाऊक आहे. इथे त्याच्याकडे असं काही आहे, जे त्या प्रकल्पातल्या नामवंत प्रोग्रॅमरकडेही नाही.

आता हे कळवायचं कसं? "मराठी नीट चालत नाही, प्लीज फिक्स" असं लिहिलंत तर ते पडून राहील, आणि राहिलंच पाहिजे. आधी हाच दोष कुणी नोंदवला आहे का ते शोधा. बहुधा नोंदवलेला असतो, मग तिथेच भर घाला. नसेल तर सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि फॉन्ट लिहा. मग कृती, क्रमाने : ही फाइल उघडली, हा शब्द शोधला. काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत दोनच शब्दांची फाइल जोडा, तुमचा चाळीस पानी प्रोजेक्ट रिपोर्ट नको. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत आपल्या यंत्रावर तोच दोष दिसला पाहिजे. असा अहवाल तयार करायला एक संध्याकाळ सहज जाते. जाऊ द्या.

त्यापुढची पायरी मला फार आवडते आणि कॉलेजात ती क्वचितच शिकवतात. एखादी गोष्ट मागच्या आवृत्तीत चालत होती, नव्या आवृत्तीत बिघडली. मध्ये हजार बदल झाले आहेत. कुठल्या बदलाने घात केला? कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये बायसेक्ट नावाची सोय आहे. ती बरोबर मधली आवृत्ती काढून देते, तुम्ही तपासून चांगली की वाईट एवढंच सांगायचं. लगेच निम्मे बदल बाद. हजार बदलांतला गुन्हेगार दहाएक तपासण्यांत सापडतो. यात एक ओळसुद्धा कोड लिहावा लागत नाही, आणि मेंटेनरचा अख्खा शनिवार वाचतो. असे दोन-तीन दोष मुळापर्यंत नेऊन दिलेत की तुमचं नाव तिथे ओळखीचं होतं. उलट, नवशिक्यांसाठी राखून ठेवलेल्या कामाखाली "प्लीज असाइन मी" लिहून गायब होणारे रोज येतात. गणेशोत्सव मंडळात पहिल्याच दिवशी बॅज मागणाऱ्या कार्यकर्त्याकडे जुनी मंडळी ज्या नजरेने बघतात, तीच नजर इथेही असते.

कोडचा बदल, म्हणजेच पॅच, पाठवाल तेव्हा तो लहान ठेवा. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. जाता जाता शेजारच्या फंक्शनची मांडणी सुधारायचा मोह होतो, तो आवरा. सोबतच्या संदेशात काय बदललं याहून का बदललं हे महत्त्वाचं. काय ते कोडमध्ये दिसतंच. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लागते : हे काम द्यायचा मला हक्क आहे, असं हमीपत्रच ते. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून खटला भरला, त्याच्या पुढच्या वर्षी ही प्रथा आली. इंटर्नशिप करत असाल तर तिथला करार वाचून घ्या. तुम्ही लिहिलेला कोड कंपनीचा, असं कलम त्यात असू शकतं. पाठवलेल्या पॅचवर उत्तर आलं नाही तर किमान एक आठवडा थांबा, असं कर्नलचे नियमच सांगतात.

नवख्याकडे संशयाने का बघतात, असंही मुलं विचारतात. कारणं आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी, सदोष पॅच तपासणीतून निसटतात का हे बघायला, मुद्दाम दोष असलेले पॅच कर्नलकडे पाठवल्याचं उघड झालं. कर्नलचे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणंच थांबवलं, आणि शोधनिबंध मागे घ्यावा लागला. एक्सझेड या ओपन सोर्स प्रकल्पाचं २०२४ चं प्रकरण त्याहून भयंकर. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन-अडीच वर्षं मन लावून काम केलं, एकट्या, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास कमावला आणि मग त्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला, म्हणून ते वेळीच बाहेर आलं. आता त्यात एआयची भर. कर्ल या प्रकल्पाचे डॅनिएल स्टेनबर्ग २०२४ पासून जाहीरपणे तक्रार करत आहेत की, यंत्राने रचलेले, वरून घोटीव आणि आतून पोकळ सुरक्षा-अहवाल वाचण्यात त्यांचे तास जातात. एआयची मदत घ्या, पण पाठवलेल्या ओळीबद्दल कुणी विचारलं तर उत्तर तुम्हाला देता आलं पाहिजे.

पैशाचं विचारणारे पालकही इथे आहेत. गुगलचा समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून तो विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही, आणि त्यात मानधन मिळतं. पण अर्जाच्या पंधरवड्यात उगवणारा उमेदवार आणि सहा महिने दोष तपासणारा उमेदवार यांत मेंटेनर कुणाला घेईल, हे सांगायला नको. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. टोरवाल्ड्सची मातृभाषा स्वीडिश. ल्युआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात जन्मली, रूबी जपानमध्ये. छोटी, साधी वाक्यं लिहा. व्याकरण चुकलं म्हणून कुणी पॅच नाकारत नाही; आवृत्तीचा क्रमांक लिहिला नाही म्हणून मात्र परत पाठवतात.

आणि एक. गिटमध्ये नाव आणि ईमेल भरताना कॉलेजने दिलेला पत्ता टाकू नका. पदवी मिळाली की तो अनेकदा बंद होतो, पण स्वीकारलेल्या बदलावरचा पत्ता नंतर कुणी बदलत बसत नाही. पाच वर्षांनी तुमच्या त्या ओळीबद्दल कुणाला काही विचारायचं झालं तर पत्र परत येईल. आपला कायमचा पत्ता टाका, पहिला पॅच जाण्याआधीच.