गोळ्यांचा डबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असे एकदोघींनी मला आधीच विचारले. पण मी तो मुद्दाम मागून घेतला. आपल्या कन्हानात ज्या गोष्टी दार लावून कुजबुजल्या जातात, त्या मंडळातही बोलायच्या नसतील तर बोलायच्या कुठे?

माझ्या धाकट्या दिराला बाविसाव्या वर्षी मनाचे मोठे दुखणे जडले. कानांत आवाज येत, शेजारी टपून आहेत असे वाटे. अंगारेधुपारे झाले, मग नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय. ते १८६४ सालापासूनचे आहे आणि अंतर विसेक किलोमीटर; तरी आमचे पाऊल तिकडे वळायला आठ महिने लागले.

गोळ्यांनी तो माणसात आला, आणि इथेच आम्ही चुकलो. सासूबाई म्हणाल्या, "पोरगा चांगला झाला, आता कायले गोळ्या चारता त्याले?" मलाही पटले, खोटे कशाला सांगू? तो जाड झाला होता, दिवसभर पेंगे. गोळ्या बंद केल्या. पहिले काही आठवडे खरोखरच बरे गेले. फसगत होते ती त्यामुळेच. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी तो न सांगता निघून गेला. शेजारच्या एका काकांना तो नदीच्या वाटेवर भेटला. त्यांनी काही न विचारता, पिकापाण्याच्या गोष्टी करीत त्याला घरी आणले. ओट्यावर बसून तो म्हणाला, "वहिनी, मले जगायचंच नव्हतं." अगदी शांतपणे म्हणाला. तो शांतपणा मला अजून भिववतो.

पुढे दोन औषधांनी म्हणावा तसा गुण आला नाही, तेव्हा डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केले. २००३ साली ९८० रुग्णांचा दोन वर्षांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ओलॅन्झापिन या दुसऱ्या चांगल्या औषधापेक्षा क्लोझापिन घेणाऱ्यांत आत्महत्येचे प्रयत्न कमी दिसले. पण हे औषध लाडाने वाढवण्याजोगे नव्हे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागले. ताप आला, घसा धरला, की काढा देत बसायचे नाही, त्याच दिवशी तपासणी. बद्धकोष्ठही सांगायला लाजायचे नाही, ते जिवावर बेतू शकते. आणि दोन दिवसांहून अधिक खंड पडला तर जुनी मात्रा आपल्या मनाने पुन्हा सुरू करायची नाही.

कधी अतोनात उत्साह, कधी घोर उदासी, अशा आजारात लिथियम देतात. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी त्याचा गुण दाखवला; आत्महत्या टाळण्यातही त्याचा आधार मोठा मानतात. मात्र शरीरातले पाणी आणि मीठ घटले की ते रक्तात साचून विषासारखे होते. आपला वैशाखातला उन्हाळा, त्यात निर्जळी उपास, वर दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी, हे सारे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हात थरथरू लागले, ओकाऱ्या झाल्या, तोल जाऊ लागला, तर तडक दवाखाना. देवाला उपास चुकला तर चालतो, असे मी आमच्या सासूबाईंना सांगते. त्या अजून नाक मुरडतात.

रुग्णालयातून माणूस घरी येतो ते पहिले आठवडे सर्वांत जोखमीचे. आम्ही मात्र त्याच वेळी पेढे वाटून मोकळे झालो होतो. आता गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात कुलपात असतो, आठवड्यापुरत्याच बाहेर निघतात.

"मरावेसे वाटते का रे?" असे विचारले तर नसते मनात भरेल, अशी भीती मलाही होती. तसे होत नाही. उलट माणूस मोकळा होतो. पोलिसांचे भयही नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे आहेत. रात्री-अपरात्री १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतही. हा आकडा मी आमच्या फडताळाच्या दारावर खडूने लिहिला आहे.

दीर आता सकाळी दुकानात हिशेब लिहितो. रात्री जेवण झाले की स्वतःच हात पुढे करतो, "वहिनी, माही गोळी." मधून एखाद्या रात्री करीत नाही. त्या रात्री मी भांडी तशीच ठेवते आणि त्याच्याजवळ जाऊन बसते.