हिशोब मागायला शिका



निवडणूक आली की पुढारी वस्तीत येतात, नळाचं-गटाराचं आश्वासन देतात. आपण हार घालतो. मागच्या पाच वर्षांचा कागद दाखवा, असं कुणी म्हणत नाही. राजस्थानच्या मजुरांनी ते म्हटलं.

मस्टर म्हणजे काय हे गिरणी कामगाराला सांगायला नको. तिकडे दुष्काळी कामावरच्या बायाबापड्यांना किमान मजुरीही पुरी मिळेना. विचारलं तर मस्टर दाखवायचं नाही, सरकारी गुपित! मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे जनसुनावणी घेतली. गावासमोर मस्टर मोठ्याने वाचलं. कामावर कधी न गेलेल्यांची नावं हजेरीत निघाली! ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी ऐकून चोरी पकडली. ‘आम्ही अडाणी’ म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी कागदांच्या नकला देण्याचे विधानसभेत जाहीर केले. वर्ष उलटलं, नकला काही मिळेनात. तेव्हा लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणे धरले. मागणी काय, तर झेरॉक्स! साडी नको, पैसा नको. घोषणा एकच, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’. शहरवासीयांनी धान्य-भाजी पुरवली. ती वाट पुढे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यापर्यंत गेली.

उमेदवाराने आपले गुन्हे, मालमत्ता, शिक्षण शपथपत्रावर सांगावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिला. तो बोथट करायला एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एक झाले! कायदा बदलला, न्यायालयाने १३ मार्च २००३ ला तो बदल रद्द केला. ते शपथपत्र वाचल्याशिवाय मत देऊ नका.

आता आपलं काम. आमदार निधीतून वस्तीत कोणती कामं, किती रुपयांची, ठेका कुणाला, असा अर्ज करायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत तीस दिवस. म्हणून अर्ज निवडणुकीच्या तीन महिने आधी गेला पाहिजे. उत्तर चौकात वाचायचं. विहारात नव्हे, विहार प्रचारापासून लांबच बरा. ज्या गल्लीत गटार झालं असं लिहिलंय, तिथल्या बायांनी उठून सांगायचं, झालं की नाही. सर्व उमेदवारांना बोलवू. न येणाऱ्याची खुर्ची नाव लावून रिकामी ठेवू.