परक्या देशांत जुन्या गाडीचे सुटे भाग



परदेशांत आजारी पडलेल्या माणसाला वैद्य शोधावा लागतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण जुनी मोटारगाडी घेऊन परदेशांत राहणाऱ्याचा शोध याहून बिकट असतो. वैद्य बहुतेक गांवीं भेटतो. पन्नास वर्षांपूर्वीं बनलेल्या यंत्राच्या पोटांतलें एखादें दांतेरी चाक किंवा अंगठ्याएवढी रबरी टोपी कोठें मिळेल, हें सांगणारा मनुष्य मात्र क्वचितच भेटतो. पूर्व आफ्रिकेंत नैरोबी येथें कांहीं वर्षें राहण्याचा योग मला आला, आणि तेथें हा शोध मला वारंवार करावा लागला. त्यांतून जें शिकलों, तें आज आपल्यापुढें मांडावें असें योजिलें आहे.

माझी गाडी होती लँड रोव्हर, १९६८ सालची, दोन आंसांमध्यें ८८ इंच अंतर असलेली. या गाडीचा जन्मच मुळीं सुट्या भागांच्या अडचणींतून झाला, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर रोव्हर कंपनीचे प्रमुख अभियंते मॉरिस विल्क्स हे वेल्समधील अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतावर लष्कराची जुनी अमेरिकन जीप वापरीत असत. ती मोडकळीस आली म्हणजे तिच्या जागीं काय घेणार, असें त्यांच्या बंधूंनीं विचारलें, तेव्हां दुसरी जीपच घ्यावी लागेल, दुसरें आहेच काय, असें उत्तर त्यांना द्यावें लागलें, अशी आख्यायिका आहे. त्या उत्तरांतून नवी गाडी उभी राहिली, आणि ३० एप्रिल १९४८ रोजीं ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आली. युद्धोत्तर काळांत इंग्लंडांत पोलादाची टंचाई होती, म्हणून गाडीचें अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलें. खालचा सांगाडा तेवढा पोलादी ठेवला. याचा परिणाम गाडी जुनी झाल्यावर दिसून येतो. वरचें अंग वर्षानुवर्षें धड दिसतें, आणि खालचा सांगाडा आंतून गंजत असतो. तेव्हां जुनी लँड रोव्हर घेणाऱ्यानें उभ्यानें न पाहतां जमिनीवर आडवें होऊन पाहावें, हा पहिला धडा. या वंशांतली शेवटची गाडी सोलिहल येथील कारखान्यांतून २०१६ च्या जानेवारींत बाहेर पडली.

नैरोबीस सुट्या भागांची पेठ म्हणजे किरिन्यागा रोड. पूर्वीं या रस्त्याला ग्रोगन रोड म्हणत, आणि जुने लोक अजून तेंच नांव घेतात. मराठी माणसाला येथें फारसें परकें वाटत नाहीं. स्वाहिली भाषेंत मोटारीला 'गारी' म्हणतात आणि दुकानाला 'दुका'. हे दोन्ही शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेले आहेत. १८९६ सालीं मोंबासाहून रेल्वेचें काम सुरू झालें, आणि १९०१ सालीं रूळ व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोंचले. त्या कामाकरितां हिंदुस्थानांतून सुमारें ३२ हजार मजूर व कारागीर नेले होते. कित्येक परतले, कित्येक तेथेंच राहिले. त्यांच्यामागून व्यापारीही गेले. भाग विकणाऱ्या दुकानांच्या मागें उघड्या जागेवर पत्रा ठोकणारे, जोडकाम करणारे, भाग घडविणारे कारागीर बसतात. त्यांच्या धंद्याला 'जुआ काली' असें नांव आहे. त्याचा अर्थ 'कडक ऊन'. डोक्यावर छप्पर नाहीं, म्हणून हें नांव. कारागिराला तेथें 'फुंडी' म्हणतात.

आतां ज्या प्रसंगानें माझे डोळे उघडले, तो सांगतों. पुढच्या डाव्या चाकाशीं ब्रेकचें तेल पाझरूं लागलें होतें. चाकाजवळच्या लहानशा सिलिंडरांत रबरी टोप्या असतात, त्या बदलावयाच्या होत्या. एका दुकानीं दोन प्रकारचीं खोकीं निघालीं. दोन्हींवरची छपाई सारखीच सुबक. किंमतींत मात्र तिप्पट अंतर. मीं स्वस्त खोकें उचललें. असा मोह कोणालाही होतो, आणि रबराच्या चार चकत्यांत काय फरक असणार, असें मनाचें समाधानही करतां येतें.

सहा आठवड्यांनीं आम्ही सहकुटुंब नैवाशा सरोवराकडे निघालों. नैरोबीचें पठार सोडल्यावर रस्ता ग्रेट रिफ्ट व्हॅली नांवाच्या प्रचंड खचदरींत उतरतो. हा उतार दुसऱ्या महायुद्धांत इटालियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेला आहे; त्यांनीं उभारलेलें लहानसें प्रार्थनामंदिर अजून पायथ्याशीं आहे. अर्ध्या उतारावर ब्रेकचा पायटा प्रथम मऊ लागला, आणि पुढच्या वळणावर तो सरळ तळाशीं गेला. माझ्या गाडीच्या चारही चाकांच्या ब्रेकांना एकाच नळीजाळ्यांतून तेल जात असे. एका ठिकाणीं गळती झाली कीं चारही चाकांचा ब्रेक जातो. सुदैवानें गाडी दुसऱ्या गिअरवर हळू उतरत होती. या गाडीचा हाताचा ब्रेक तेलावर चालत नाहीं, आणि चाकांनाही तो थेट लागत नाहीं. गिअरबॉक्सच्या मागें जो फिरता दांडा असतो, त्याला तो आवळतो. तो सर्व बळानें ओढला आणि रस्त्याच्या कडेच्या खडीच्या ढिगांत चाक घातलें. गाडी थांबली. मागें बसलेलीं मुलें प्रथम हंसलीं, कारण त्यांना ती गंमत वाटली. पत्नीनें माझ्याकडे पाहिलें, आणि ती कांहींच बोलली नाहीं.

गाडी ओढून नैरोबीस आणली व एका वृद्ध फुंडीकडे नेली. तेथील रीतीप्रमाणें मी त्यांना 'म्झे' म्हणत असें, म्हणजे वडीलधारे गृहस्थ. त्यांनीं सिलिंडर उघडून टोपी तळहातावर घेतली. रबर फुगलेलें व मऊ पडलेलें होतें. नखानें ओरखडा उठत होता. ब्रेकच्या तेलांत साधें खनिज तेल मिसळलें तरी रबर असें फुगतें, म्हणून त्यांनीं दुसऱ्या चाकाचा सिलिंडरही उघडला. त्याच तेलांत भिजलेल्या तिथल्या जुन्या टोप्या घट्ट होत्या. म्हणजे तेल निर्दोष होतें. दोष नव्या रबराचा होता. त्या दुकानाला दूषण देणें सोपें होतें. पण तिप्पट किंमतीचें खोकें माझ्यासमोर ठेवलेलें असतां तें मीं परत केलें होतें, हेंही तितकेंच खरें.

त्या दिवसापासून म्झे माझे गुरु झाले. त्यांची पहिली शिकवण अशी: "दुकानांत गाडीचें नांव सांगूं नका, क्रमांक सांगा." लँड रोव्हरच्या सांगाड्यावरील क्रमांकाच्या आरंभींच्या आंकड्यांवरून गाडीची जात कळते आणि शेवटच्या अक्षरावरून बनावटींत झालेला बदल कळतो. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन गाड्यांच्या पोटांत वेगवेगळे भाग असूं शकतात. शिवाय आफ्रिकेंत फिरलेल्या गाडीचें इंजिन एकीकडचें आणि गिअरबॉक्स दुसरीकडची असणें ही नित्याची गोष्ट. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स आणि आंस या प्रत्येकावरचा क्रमांक निराळा टिपून ठेवावा.

दुसरी शिकवण अशी कीं, पुष्कळसे भाग मुळीं गाडीच्या कारखान्याचे नसतातच. बेअरिंगच्या कड्यावर त्याचा क्रमांक कोरलेला असतो, आणि तोच क्रमांक जगांतल्या कोणत्याही बेअरिंगवाल्याला समजतो. ऑइल सील मागतांना आंतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी एवढीं तीन मापें पुरतात. मागच्या चाकाचें एक बेअरिंग नैरोबींत मिळेना, तेव्हां मीं क्रमांकाचें छायाचित्र मुंबईस भाच्याला पाठविलें. नागदेवी स्ट्रीटवरील एका दुकानदारानें गाडी कोणती, हें न विचारतां बेअरिंग काढून दिलें. भाचा पुढच्या महिन्यांत आला, तेव्हां भाजणीच्या पिठाच्या डब्याशेजारीं तें त्याच्या पेटींत होतें.

तिसरी शिकवण आट्यांची. जुन्या इंग्रजी बोल्टांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो. १९४८ सालीं अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनीं मिळून ठरविलेल्या पद्धतींत तो ६० अंशांचा आहे. माझ्या गाडींत दोन्ही जातींचे बोल्ट होते, आणि बाजारांत मिळत होते ते तिसऱ्या, म्हणजे मेट्रिक जातीचे. चुकीचा बोल्ट पहिले दोन-तीन फेरे निमूट फिरतो, आणि मग पान्याच्या जोरावर आंतले आटे कापीत जातो. पुढें तो कोणत्या दिवशीं सुटेल, याचा नेम नसतो. म्हणून जुना बोल्ट कधीं फेंकूं नये. तो खिशांत घालूनच दुकानांत जावें.

चौथी शिकवण मला सर्वांत मोलाची वाटते. म्झे सर्व भागांचे तीन वर्ग करीत. गाडी थांबविणारे आणि वळविणारे भाग, म्हणजे ब्रेक आणि सुकाणूचे सांधे, हे नेहमीं नवेच घ्यावे, आणि ज्यांची परंपरा ठाऊक आहे अशा निर्मात्याचेच घ्यावे. मग ते इंग्लंडाहून मागवावे लागोत आणि महिनाभर गाडी उभी राहो. इंग्लंडांत अशा जुन्या गाड्यांचेच भाग विकणाऱ्या पेढ्या आहेत, आणि ब्रेकचीं रबरें इतकीं हलकीं कीं टपालाचा खर्च जड होत नाहीं. दुसरा वर्ग धातूच्या अवजड भागांचा: आंसाची पेटी, गिअरबॉक्सचें कवच, चाकें, दारें. हे मोडीत निघालेल्या गाडीचे घेण्यास हरकत नाहीं, कारण त्यांची झीज व तडे डोळ्यांनीं दिसतात. आणि समुद्रापलीकडून आणूं म्हटल्यास भाडें व जकात मिळून भागाच्या किंमतीहून अधिक पडतात. तिसरा वर्ग जागच्या जागीं घडवून घेण्याचा: कमानीचे पाटे, पितळी बुश, धूर सोडण्याची नळी, जाड कागदाचे गॅस्केट. हें काम 'कडक उन्हांतले' कारागीर उत्तम करतात. ते बनवूं शकतात तें बाहेरून मागविणें हा पैशाचा अपव्यय. आणि त्यांनीं बनवूं नये तें त्यांच्याकडून बनवून घेणें हा जिवाशीं खेळ.

मागच्या आंसांतला जो अर्धा दांडा चाक फिरवितो, त्याला हाफ शाफ्ट म्हणतात. तो मोडणें हा या जुन्या गाड्यांचा प्रसिद्ध दुर्गुण. तो मोडला तर पुढच्या चाकांनाही शक्ति जोडून गाडी घरीं आणतां येते. पण मीं मघाशीं सांगितलेला हाताचा ब्रेक आठवा. तो फिरत्या दांड्याला आवळतो, आणि दांडा व चाक यांना जोडणारा दुवाच तुटला, तर मागच्या चाकांवर त्याचा कांहीं ताबा राहत नाहीं. त्या उतारावर हाफ शाफ्टही मोडला असता, तर आज हें भाषण करावयास मी नसतों. हें मला म्झे यांनीं समजावून दिलें, तेव्हां त्या दिवशींपेक्षां अधिक कांपरें भरलें.

आमच्या देशांतही या विषयाचा एक दाखला आहे. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीनें मुंबईस अमेरिकन जीपची जुळणी आरंभिली, आणि मूळ देशांत ती बनावट बंद पडल्यावरही तिच्या वंशांतल्या गाड्या येथें वर्षानुवर्षें निघत राहिल्या. त्यामुळें जुनी जीप बाळगणाऱ्या दूरदेशींच्या माणसालाही आपल्याकडे पाहावें लागतें. लँड रोव्हरचीही जुळणी एके काळीं नैरोबीजवळच्या थिका गांवीं होत असे. म्हणूनच तिचे अवशेष त्या मुलुखांत अजून सांपडतात. चालती जुनी गाडी अशा बंद पडलेल्या गाड्यांच्या जिवावर जगते. तो सांठा वाढणारा नाहीं, आणि दर वर्षीं एकेक भाग दुर्मिळ होत जातो.

त्या प्रसंगानंतर कित्येक दिवस पत्नी व मुलें त्या गाडींत बसलीं नाहींत. एके संध्याकाळीं पत्नीनें शांतपणें विचारलें, "ही गाडी आपल्यासाठीं आहे, कीं आपण तिच्यासाठीं?" मजजवळ उत्तर नव्हतें. मीं एक वही केली. तींत प्रत्येक भागाचा क्रमांक, तो कोठून आला, कधीं बसविला, हें लिहूं लागलों. ब्रेकच्या पानावर बदलण्याची तारीखही आगाऊ लिहिली, म्हणजे रबर बिघडण्याची वाट पाहावयाची नाहीं. ती वही मीं तिच्या हातीं दिली. पुढें प्रवासाला निघतांना तीच ब्रेकचें पान उघडून पाही, आणि मग गाडींत बसे.

नैरोबी सोडतांना गाडी एका तरुण केनियन शिक्षकाला विकली. किंमत ठरल्यावर मीं त्याच्या हातांत किल्लीबरोबर वही ठेविली. त्यानें किल्ली खिशांत टाकली आणि तेथेंच पायरीवर बसून वही वाचूं लागला. पत्नी मला हळूच म्हणाली, "गाडी चांगल्या घरीं पडली."