ध्रुवीय प्रकाशाच्या वरचे आकाश

आपल्या रेडिओवरचा मध्यम लहरींचा पट्टा ५३१ किलोहर्ट्झपासून सुरू होतो. काटा त्याच्याही खाली नेता आला, तरी एक स्टेशन तुम्हाला कधीच लागणार नाही. ते पृथ्वीचे स्वतःचे आहे. ध्रुवीय प्रदेशांच्या वर काही हजार किलोमीटरवरून साधारण ५० ते ५०० किलोहर्ट्झच्या रेडिओलहरी निघतात. जोरात असले की या स्टेशनची शक्ती शंभर कोटी वॅटपर्यंत जाते! पण खालचे आयनांबर या लहरी अडवते, म्हणून उपग्रह वर जाईपर्यंत त्यांचा पत्ताच नव्हता.

वरून वेगाने येणारे इलेक्ट्रॉन १०० किलोमीटरच्या आसपास हवेवर आदळले की ध्रुवीय प्रकाश दिसतो, हे ठाऊक होते. त्यांना वेग देतो कोण? स्वीडनचे हानेस आल्फवेन म्हणत, चुंबकीय रेषांच्याच दिशेने तिथे विद्युत क्षेत्र असले पाहिजे. अनेकांना ते पटेना. प्लाझ्मा हा विजेचा उत्तम वाहक. असे क्षेत्र निर्माण होताच इलेक्ट्रॉन धावून ते पुसून टाकतील, असा आक्षेप होता. तो काही पोरकट नव्हता. आल्फवेन यांना १९७० मध्ये नोबेल मिळाले, तरी हा वाद मिटला नाही.

१९७६ मध्ये अमेरिकेचा एस३-३ उपग्रह गेला. सुमारे ५,००० किलोमीटरच्या वर त्याला आयनांचे झोत सापडले, आणि ते चक्क वर चालले होते. ऋणभारित इलेक्ट्रॉनला खाली लोटणारे क्षेत्र धनभारित आयनाला वरच लोटणार. म्हणजे दोघेही एकाच क्षेत्राची साक्ष देत होते.

त्या झोतांत हायड्रोजनबरोबर ऑक्सिजनही होता, आणि मला जास्त नवल वाटते ते याचे. एकच इलेक्ट्रॉन गमावलेला असा ऑक्सिजन सूर्याकडून येत नाही. तो आपल्याच हवेतला. इतका जड कण तिथवर चढतो कसा? इथे प्लाझ्मा लहरी मदतीला येतात. आयन चुंबकीय रेषेभोवती गरगरत असतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका द्यावा, तशी जुळत्या कंपनाची लहर त्याला ऊर्जा देते. वर चुंबकीय क्षेत्र क्षीण होत जाते, त्यामुळे जोरात गरगरणारा आयन आपोआप वर फेकला जातो. पुढचे काम विद्युत क्षेत्राचे. हवेची ही गळती सेकंदाला किलोच्या हिशेबातली आहे, आणि त्यातले काही कण परतही येतात. साठा पाहता अब्जावधी वर्षे काळजी नको.

१९९६ ते २००९ या काळात नासाच्या फास्ट उपग्रहाने हाच प्रदेश बारकाईने तपासला. त्या रेडिओ स्टेशनच्या पोटातूनही तो गेला. तिथला प्लाझ्मा अतिशय विरळ निघाला; थंड इलेक्ट्रॉन जवळजवळ नव्हतेच. काही ठिकाणी विरुद्ध भारांचे दोन पातळ थर समोरासमोर उभे असलेले आढळले. क्षेत्र पुसले का जात नाही, याचे निदान अर्धे उत्तर त्यात आहे. उरलेल्या अर्ध्यावर जगभर गणिते चालू आहेत. आपल्या पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतही अशा लहरींवर काम झाले आहे.