गोळी सुटते, पण सावकाश



आजचा विषय तुमच्यापैकी काहींच्या उशाशी, पाण्याच्या तांब्याशेजारीच असेल. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम अशी तिची नावं. घरात आपण तिला झोपेची किंवा टेन्शनची गोळी म्हणतो. घरात कुणी गेलं तेव्हा पंधरा दिवसांसाठी ती दिलेली असते. पंधरा दिवसांची दहा वर्षं कधी होतात ते कळत नाही. मग एके दिवशी मुलगा म्हणतो, "किती वर्षं खाणार? टाका फेकून!" आणि माणूस खरंच फेकतो. मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या आठवड्याविषयी.

या गोळ्यांचं कूळ एकच, बेंझोडायझेपिन. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेलं यातलं पहिलं औषध १९६० साली बाजारात आलं, डायझेपाम १९६३ साली. आपल्या मेंदूत गाबा नावाचं द्रव्य असतं. पेशींची धावपळ शांत करणं हे त्याचं काम, आणि ही गोळी त्याचा जोर वाढवते. बाहेरून असा टेकू महिनोनमहिने मिळाला की मेंदू त्याच्या भरवशावर आपली घडी बसवतो. टेकू एकदम काढला की झोप उडते, छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात, अंगाला मुंग्या येतात. कुकरची शिट्टीही सहन होत नाही. काहींना फिट येते आणि ती जिवावर बेतू शकते.

इथे घरचे म्हणतात, "बघा, जुना आजार उलटला!" पुष्कळदा तो आजार नसतो, गोळी सुटण्याचा त्रास असतो. ओळखायचं कसं? पूर्वी कधीच नव्हती अशी लक्षणं दिसतात. मात्रा कमी केल्यावर ती सुरू होतात. अल्प्राझोलमसारखी गोळी शरीरातून लवकर उतरते, तिथे एक-दोन दिवसांत, डायझेपामला उशीर लागतो. आणि हा त्रास लाटांसारखा चढतो, उतरतो. तरी निवाडा डॉक्टरांनीच करायचा.

इंग्लंडमधील न्यूकॅसल इथे प्रोफेसर हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की सावकाश उतरा आणि वेग रुग्णाच्या सोशिकतेवर ठरवा. आजही साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी, चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्के एवढीच कपात सुचवली जाते. म्हणजे दिवसाला एक मिलिग्रॅम घेणारा आधी ०.९ वर येईल, मग ०.८१ वर. पायरी उत्तरोत्तर लहान होत जाते. महिने लागतात, कुणाला वर्षही. एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर डॉक्टरांना विचारून तिथेच थांबायचं. त्यात हार नाही.

आम्हा जैनांत बाह्य तपांमध्ये पहिलं अनशन, दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी जेवणं. गोळी सोडताना अनशन करू नका, अवमौदर्य करा.

आता माझ्या पॅथीविषयी. मी होमिओपॅथ. "डॉक्टर, ती गोळी आजपासून बंद, तुमची द्या," असं कुणी म्हणालं, तर मी सांगतो की माझी साबुदाण्याएवढी गोळी तिची जागा घेऊ शकत नाही आणि फिट अडवू शकत नाही. ज्यांनी ती लिहून दिली त्यांच्याकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. माझ्याकडे गप्पांना जरूर या.

घरच्यांसाठी चार गोष्टी. रोज सकाळी "झोप लागली का?" विचारू नका, त्या प्रश्नानेच पुढची रात्र बिघडते. दुपारनंतर चहा-कॉफी कमी करा. झोपेसाठी दारूचा घोट किंवा दुसऱ्या कुणाची गोळी अजिबात नको. दारू आणि ही गोळी मिळून श्वास मंदावतो. घरात लग्न किंवा आजारपण असेल तर पुढची कपात कधी करायची ते डॉक्टरांना विचारा.

एक वही ठेवा. तारीख, मात्रा, झोप, त्रास एवढंच लिहा. वाईट रात्री माणसाला वाटतं, आपण आहोत तिथेच आहोत. तेव्हा दोन महिन्यांपूर्वीचं पान उघडून दाखवा.

फिट आली, भ्रम झाला, नसलेलं दिसू लागलं, तर वाट न बघता इस्पितळ गाठा. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच मदत मिळवा. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

शेवटचं. वर्षानुवर्षं गोळी घेणारा माणूस मनाने दुबळा नसतो. त्याच्या मेंदूने मिळालेल्या औषधाशी जुळवून घेतलं, एवढंच. तसंच औषधाशिवाय जुळवून घ्यायलाही तो शिकतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

उद्या सकाळी कागदावर लिहा: गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वर्षं. तो कागद घेऊन डॉक्टरांना भेटा. आणि आज रात्रीची गोळी नेहमीसारखीच घ्या.